कॉलेज बदलू का, फादर?



दिवाळीच्या सुट्टीत मढची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. तालुक्यातल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी तिला पुण्याच्या कॉलेजात जायचे आहे. आई म्हणाली, "फादर, इथं काय कमी आहे? सकाळची एस.टी. धरली की दुपारी पोरगी घरात. पुण्यात तिला कोण बघणार?" मुलगी खाली बघत बसली होती. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगा, कॉलेज बदलू का?"

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मी त्यांना एक हकिकत सांगितली.

मढवरून जाणारा रस्ता माळशेज घाट उतरून कल्याणला जातो. कल्याण हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर. वैद्यकी शिकायला अमेरिकेला जायचे ठरले, तेव्हा पती गोपाळराव पोस्टाच्या नोकरीत बंगालमधल्या श्रीरामपूरला होते. लोकांत कुजबुज सुरू झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभे राहून लोकांच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे दिली. अमेरिकेला का? इथे सोय नाही का? एकटीच का? जातीबाहेर टाकले तर? संकट आले तर? जे कोणी बाईने केले नाही ते तू का करतेस?

यातला दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी चौकशी केली होती: मद्रासला एक कॉलेज आहे, इतरत्र सुईणीचे वर्ग आहेत, आणि ते पुरेसे नाहीत. म्हणजे जवळचे नीट पाहून मग दूरचे निवडले.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल वाचताना तो मला कोरडा वाटायचा. पण त्याने एक नेमकी गोष्ट सांगितली आहे. आपण खल करतो तो साध्याबद्दल नव्हे, साधनांबद्दल. रोग्याला बरे करावे की नाही याचा वैद्य विचार करत नाही. कसे करावे याचा करतो. कॉलेज हे साधन आहे. म्हणून मी त्या मुलीला विचारले, "तुला काय व्हायचंय?" ती म्हणाली, "मायक्रोबायोलॉजी करायचंय. आमच्या कॉलेजात तो विषय नाही." आईने तिच्याकडे चमकून पाहिले. हे घरात आजवर कोणी बोललेच नव्हते! मैत्रिणी गेल्या म्हणून पोरगी निघाली, असे आईला वाटत होते.

'संकट आले तर?' हा प्रश्नही सोडू नये. निघण्यापूर्वीच आनंदीबाईंची प्रकृती नाजूक होती. फिलाडेल्फियाची थंडी आणि परका आहार यांनी ती आणखी ढासळली. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. श्रीरामपूरच्या भाषणाला तेव्हा चार वर्षे आणि दोन दिवस झाले होते. त्यांनी जायला नको होते, असे मी कधीच म्हणणार नाही. पण मुलगी दूर जाताना ती कुठे राहील, काय जेवेल, आजारी पडली तर कोणाचे दार वाजवेल, हे आईचे प्रश्न मागासलेपणाचे नाहीत.

आता व्यवहाराचे. आपल्याकडची आणि पुण्याची बरीच कॉलेजे एकाच विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे बदली काहीशी सोपी जाते. पण जागा रिकामी हवी आणि विषय जुळायला हवेत. मुलीची खरी अडचण इथेच आहे: दोन वर्षे जो विषय घेतलाच नाही, त्यात एकदम तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणे कठीण. स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम तर वेगळाच असतो. नव्या कॉलेजकडून लेखी होकार मिळेपर्यंत जुन्या कॉलेजातून दाखला काढू नये. दाखला हातात आणि प्रवेश कुठेच नाही, अशी मुले मी पाहिली आहेत. आदिवासी कुटुंबांनी शासकीय वसतिगृह आणि स्वयम् योजनेची चौकशी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात आधीच करावी.

मायलेकी निघाल्या तेव्हा ऊन उतरले होते. त्या पुण्याला जाऊन कॉलेजात स्वतः विचारणार आहेत. इथेच पदवी पूर्ण करून एम.एस्सी.ला पुण्याला जाता येईल का, हेही विचारा, असे मी सांगितले. दारात आई म्हणाली, "आधी राहायची जागा बघू." मुलगी म्हणाली, "आधी विषय, आई." दोघी तशाच वाद घालत एस.टी. स्टँडकडे गेल्या.