गल्लीतील सुशीगृहात निगिरी कशी खावी?

प्रश्न: तोक्योतील छोट्या सुशीगृहात निगिरी हाताने खाल्लेली चालते का?

उत्तर: निगिरी, म्हणजे व्हिनेगर व मीठ घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप बसवलेली सुशी, ही एकोणिसाव्या शतकात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रस्त्यांवरील टपऱ्यांवर खाल्ली जात असे, त्यामुळे ती बोटांनी उचलणे आजही शिष्टसंमत आहे, आणि चॉपस्टिकलाही हरकत नसते. मात्र घास कलता करून माशाचीच कड सोया सॉसला लावावी, कारण भात सॉस शोषून विस्कटतो व माशाची नाजूक चव खारटपणात बुडते. गारी, म्हणजे आल्याचे मुरवलेले काप, दोन घासांच्या मध्ये खावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारागिराने घास समोर ठेवताच तो खावा, कारण त्या वेळी भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो.