पिकअपचं नाक उचलायचंय? आधी काट्यावर जा, मग स्प्रिंग घ्या



पाऊस तोंडावर आला की दरवर्षी हाच प्रश्न येतो. चिखलात, चाकोरीत गाडी खाली घासते, थोडी उचलून घ्यावी का? पुढे हार्ड स्प्रिंग टाकली तर चालेल का? यंदा असे बरेच मेसेज आले, म्हणून आजचा पाठ गाडीवर. संदेश लांब आहे. दुपारी सावलीला बसून वाचा, वही-पेन जवळ ठेवा.

*आधी खाली वाकून बघा*

पुढच्या चाकाच्या आत काय आहे ते बघा. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, त्याच्या बहुतेक मॉडेलांना पुढेही पाटेच असतात. इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स यांना पुढे कॉइल स्प्रिंग असते. बाकी गाड्यांत मॉडेल आणि सालाप्रमाणे फरक पडतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. पुढे पाटे असतील तर खालचा कॉइलचा हिशेब तुमच्यासाठी नाही. वजन, दिवे आणि कायद्याचा भाग मात्र तुम्हालाही लागू आहे.

*नाक खाली का दिसतं?*

आपल्याकडे गोष्ट बहुतेक मागून सुरू होते. माल जास्त बसावा म्हणून मागे दोन पाटे वाढवले जातात. मागची बाजू वर जाते, नाक खाली गेल्यासारखं दिसतं आणि मग पुढूनही उचलायची इच्छा होते.

पण रिकाम्या पिकअपचं नाक थोडं खाली असणं हा दोष नाही. कंपनीनेच तशी ठेवलेली असते, माल भरला की मागची बसते आणि गाडी सपाट होते. रिकामी असतानाच नाक वर घेतलंत, तर भरल्यावर गाडी आभाळाकडे बघत चालणार. म्हणून माप दोन वेळा घ्या, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीचा माल भरून. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, सपाट जागेवर. आठ आकडे वहीत लिहा. त्यातच पुष्कळ जणांचं काम संपतं, कारण भरलेली गाडी सपाट उभी असल्याचं दिसतं.

अजून एक. स्प्रिंगने बॉडी आणि चॅसी वर जाते, पण मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही. तो टायरवर उभा आहे, स्प्रिंगवर नाही. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला गोळाच घासत असेल, तर पुढच्या स्प्रिंगवर घातलेले पैसे वाया गेले म्हणून समजा. काय घासतंय ते आधी बघा, घासल्याची खूण लोखंडावर दिसतेच.

*कांदा मागे, स्प्रिंग पुढे*

आजच्या पाठाचा गाभा हा आहे, इथे घाई करू नका.

समजा दोन्ही एक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे. तुम्ही ५० किलोच्या २० गोण्या, म्हणजे १,००० किलो कांदा भरला. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या २५ सेंटिमीटर पुढे आहे. तर पुढच्या एक्सलवर किती वाढलं? १,००० गुणिले ०.२५ भागिले ३, म्हणजे साधारण ८३ किलो. उरलेले ९१७ किलो मागे. गोण्या फाळक्याकडे सरकवल्या आणि मध्य एक्सलच्या मागे २५ सेंटिमीटर गेला, तर पुढचं वजन उलट ८३ किलोने *कमी* होतं. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत.

म्हणजे चाकणच्या मार्केट यार्डात नेला जाणारा माल पुढच्या स्प्रिंगला फारसा कळतच नाही. “मी एक टन भरतो, मला पुढे हार्ड स्प्रिंग द्या” हे वाक्य म्हणून चुकीचं आहे. पुढची स्प्रिंग इंजिन, केबिन, माणसं आणि पुढे लावलेलं लोखंडी गार्ड यांच्या वजनावर ठरते.

गार्डचं गणित मात्र उलटं चालतं. ६० किलोचं गार्ड पुढच्या एक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे लावलं, तर एक्सलवर ६० नाही, ७६ किलो वाढतात. तरफेचा नियम, पहार टेकवून दगड उचलतो तसा. गाडी भरलेल्या मालाने नव्हे, गार्डने पुढून बसलेली असू शकते. अशा वेळी गार्ड काढणं हा फुकटचा उपाय आहे. ऐकायला आवडत नाही, माहीत आहे.

*लांबी वेगळी, कडकपणा वेगळा*

ताणकाटा सगळ्यांनी वापरलाय. ५ किलोला काटा जितका खाली येतो, १० किलोला त्याच्या दुप्पट. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६७८ साली छापला, तोच तुमच्या गाडीखाली आहे. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात तो तिचा *कडकपणा*, दुकानात त्याला रेट म्हणतात. काही न ठेवता नुसती उभी केली की भरते ती *मोकळी लांबी*. गाडीत बसल्यावर उरते ती *बसलेली लांबी*.

आता आकडे. हिशेब समजावा म्हणून गोल धरलेत, तुमच्या गाडीचे तुम्हीच काढायचे आहेत.

१) वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवा. समजा ९०० किलो भरले. एका चाकाचे ४५०. त्यातून चाक, हब, ब्रेक यांचे ५० वजा, कारण ते स्प्रिंगवर बसत नाहीत. उरले ४००.

२) खालच्या आर्मचं माप घ्या. चॅसीकडच्या बोल्टपासून स्प्रिंगच्या बैठकीपर्यंत किती आणि त्याच बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंत किती. स्प्रिंग बरोबर मध्यावर असेल तर प्रमाण निम्मं. मग स्प्रिंगवर ४०० नाही, ८०० किलो येतात.

३) स्प्रिंगचा रेट ८ किलो प्रति मिलिमीटर असेल तर ती ८०० भागिले ८, म्हणजे १०० मिलिमीटर दबते. बसलेली लांबी २५० असेल तर मोकळी लांबी ३५०.

आता गाडी चाकाशी ४० मिलिमीटर उचलायची आहे. प्रमाण निम्मं, म्हणून स्प्रिंगजवळ फक्त २० मिलिमीटर लागतात. इथेच बरेच जण फसतात. ४० मिलिमीटर लांब स्प्रिंग आणतात आणि गाडी ८० उचलली जाते.

बसलेली लांबी २७० हवी. त्याला दोन वाटा आहेत. पहिली, रेट तोच ८ ठेवून मोकळी लांबी ३७० घ्यायची. दुसरी, लांबी ३५० च ठेवून रेट १० करायचा, म्हणजे ती १०० ऐवजी ८० दबेल. उभ्या गाडीला दोन्हींची उंची सारखीच! फरक रस्त्यावर कळतो. दुसऱ्या गाडीचं पुढचं अंग पाव पटीने कडक झालं. तळेगाव-चाकण रस्त्यावर माल उतरवून रिकामी परतताना तिचं स्टिअरिंग हाताला हिसके देणार, आणि जुने शॉकअप तो उसळा आवरू शकणार नाहीत.

आमचं मत स्पष्ट आहे. पुढे वजन वाढलेलं नसेल तर पहिली वाट धरा. गार्ड, विंच असं कायमचं वजन असेल, तर ते वजन लावूनच काट्यावर जा आणि वाढलेल्या वजनापुरताच रेट वाढवा.

*दुकानात काय विचाराल*

“हेवी ड्यूटी” या शब्दावर पैसे देऊ नका. मोकळी लांबी किती, रेट किती, तारेची जाडी किती, वेढे किती, हे चार आकडे मागा. रेट सांगता येत नसेल तर व्हर्निअरने तार मोजा. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. वेढ्याचा व्यास १०० मिलिमीटर आणि काम करणारे वेढे ८ असतील, तर १६ मिलिमीटर तारेचा रेट साधारण ८ येतो आणि १७ मिलिमीटर तारेचा १० च्या वर. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

शेवटच्या वेढ्यांसकट एकूण १० वेढे असतील, तर १६ च्या तारेची स्प्रिंग १६० मिलिमीटरला वेढ्याला वेढा लागून ठोकळा होते, १७ ची १७० ला. त्याआधी रबरी बंपस्टॉप टेकलाच पाहिजे. नाही टेकला तर खड्ड्याचा दणका सरळ चॅसीला.

वेढा कापून गाडी मऊ होते, हा समज काढून टाका. ८ पैकी एक वेढा कापला तर रेट ८ वरून ९.१ होतो. कापलेली स्प्रिंग आखूड *आणि* कडक असते.

गाडी जुनी असेल तर नव्या मूळ स्प्रिंगनेच काम भागेल का ते बघा. दोन्ही बाजूंची मापं वेगळी येत असतील किंवा गाडी पूर्वीपेक्षा बसली असेल, तर स्प्रिंग थकली आहे. मूळ मापाची नवी जोडी टाका, ती साधी दुरुस्ती आहे. एकच बाजू बदलू नका.

*उचलल्यावर काय बिघडतं*

शॉकअप तेवढ्याच लांबीचा राहिला तर चाक खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात तो वरून आपटतो. फोर-व्हील गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात. अलाईनमेंट हमखास बदलते. आपल्या एका सभासदाने ती करून घेतली नाही आणि कांद्याचा हंगाम संपायच्या आत पुढची दोन्ही टायरं आतल्या कडेने घासून गेली. वाचवलेले काहीशे रुपये टायरमध्ये गेले.

दिवेही विसरू नका. ३ मीटरच्या गाडीचं नाक ४० मिलिमीटर उचललं की २५ मीटरवर उजेड ३३ सेंटिमीटर वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत. पहाटेच्या अंधारात पुणे-नाशिक रस्त्यावर कंपन्यांच्या शिफ्टला निघालेली दुचाकीवरची पोरं आपलीच असतात.

*कायदा*

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधतेच. उंची वाढवण्याआधी एमएच १४ वाल्यांनी पिंपरी-चिंचवड आरटीओत विचारून घ्या. आणि पाटे वाढवले म्हणून आरसी बुकातली वजनमर्यादा वाढत नाही. जादा मालाला कलम १९४ खाली २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

*हात घालू नका* ⚠️

गाडीतली कॉइल स्प्रिंग शेकडो किलोच्या दाबाखाली असते. तारेने बांधून, पहारीने दाबून घरच्या घरी काढायला जाऊ नका. सुटली तर हात किंवा जबडा जागेवर मोडतो. स्प्रिंग दाबायचा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच जा.

तुमची आठ मापं, पुढच्या एक्सलच्या वजनाची काटापावती आणि पुढच्या चाकामागचा एक फोटो याच नंबरवर पाठवा, गाडीचं मॉडेल आणि साल लिहून. स्प्रिंग विकत घ्यायच्या *आधी* पाठवा.