चित्रकाराचा छापखाना

कलेला उद्योगाची जोड द्यावयाची तर काय लागते, याचा बोध राजा रविवर्मा यांच्या चरित्रातून होतो. त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या या चित्रकाराने पाश्चात्त्य तैलरंगांत भारतीय पुराणकथा साकार केल्या. या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचविले होते. तंजावरच्या मराठी समाजातील माधवराव हे त्रावणकोर व बडोदा संस्थानांचे दिवाण होते.

१८९४ साली रविवर्मा व त्यांचे बंधू राजराजवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीतून आणविण्यात आले. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागे. राजवाड्यांतील चित्रे आता सामान्यांच्या घरी पोहोचली. ज्यांना मंदिरप्रवेश नाकारला जात होता, त्यांनाही देवतांचे दर्शन घरीच घडू लागले.

पुढे हा छापखाना लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला. चित्रांना मागणी होती. तथापि कर्जाचा भार वाढत गेला. अखेर विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. श्लायशर यांनी चित्रांबरोबर जाहिराती व मालावरील लेबलेही छापून व्यवसायाला स्थैर्य दिले. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यात काम केले होते. १९७२ साली आगीत तो नष्ट झाला.

आपल्या गावच्या कारागिरास केवळ कौतुक पुरत नाही. त्यास हिशेब, भांडवल व विक्रीव्यवस्था यांचेही साहाय्य मिळाले पाहिजे.