नाव आधी कुणाचं?

प्रश्न : मी घरून लोणची आणि मसाले विकते. मागणी वाढलीय, म्हणून आता पाकिटावर स्वतःचं ब्रँडनाव छापायचंय. फूड लायसन्स आहे, उद्यम नोंदणीही झालीय. एवढ्यानं नाव माझं झालं का? उद्या दुसऱ्या कुणी तेच नाव नोंदवून टाकलं तर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही झालं. फूड लायसन्स ही खाद्यपदार्थ विकायची परवानगी, उद्यम ही तुमच्या उद्योगाची सरकारदरबारी ओळख. नावावरचा हक्क ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली येतो आणि त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो.

तुमची दुसरी शंका जास्त मोलाची आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला 'इरुट्टुकडै हलवा' पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो. दुसऱ्या एका विक्रेत्यानं नावाच्या सुरुवातीला 'तिरुनेलवेली' जोडून तेच नाव वापरलं, वर स्वतःची नोंदणीही दाखवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ मध्ये निकाल लागला तो मूळ दुकानाच्या बाजूनं : नोंदणी असली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ.

म्हणजे नोंदणी नकोच, असं मात्र नाही. नोंदणी नसेल तर भांडण झाल्यावर आपल्या नावाला बाजारात पत आहे हे आधी सिद्ध करत बसावं लागतं, आणि सांगलीतली पत नागपुरात दाखवणं सोपं नसतं. नोंदणीचा हक्क देशभर चालतो. शिवाय 'आधी मीच' हे तोंडी सांगून भागत नाही. घरगुती धंद्याची खरी अडचण इथंच असते : सगळा व्यवहार रोखीत, ऑर्डर फोनवर, बिल कुणी मागत नाही. तरीही पहिल्या पाकिटापासून नाव छापलेलं बिल फाडा. लेबल छापणाऱ्याची पावती, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, जाहिरातीचं कात्रण, सगळं तारखेसकट जपून ठेवा. अर्जात 'अमुक तारखेपासून वापरते' असं लिहिलंत तर प्रतिज्ञापत्रासोबत हेच कागद जोडावे लागतात.

आता नाव कोणतं? 'चविष्ट मसाले', 'घरगुती लोणचं' ही मालाची वर्णनं झाली. ती कुणा एकाच्या मालकीची होणं अवघड. आडनावाचंही तसंच. लोणची-मसालेवाल्या बेडेकरांचं चाललं ना, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांच्या नावामागे पिढ्यांचा खप आहे, तुमची बरणी अजून नवी आहे. शिवाय त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल, तर कायदा त्याला अडवत नाही. मालाशी काही संबंध नसलेला किंवा तुम्हीच घडवलेला शब्द सर्वांत भक्कम. असा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी बसायला वेळ लागतो, हे खरं.

छपाईआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहा. ते फुकट आहे. इंग्रजी स्पेलिंग बदलून, उच्चार थोडा फिरवूनही पाहा, कारण ऐकायला सारखं वाटणारं नावही आड येतं. अर्ज मालाच्या वर्गानुसार करावा लागतो; माल आणि सेवा मिळून असे ४५ वर्ग आहेत. लोणचं २९व्या वर्गात मोडतं, मसाले ३०व्या. म्हणजे तुम्हाला दोन वर्गांची फी. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये पडतात, मोठ्या कंपनीला ९,०००. पैसे कमी असतील तर जे जास्त खपतं त्याचा वर्ग आधी घ्या.

अर्ज केल्यावर नावाशेजारी 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच; आधी छापलात तर दंड होऊ शकतो. कार्यालयानं हरकत काढली तर उत्तराला एक महिना मिळतो, तेव्हा अर्जात रोज उघडत असाल तोच ई-मेल द्या. पुढे नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिन्यांत कुणीही विरोध नोंदवू शकतं. तो आला नाही, तर नोंदणी दहा वर्षांची. मग दर दहा वर्षांनी फी भरून नूतनीकरण.