मोबाईलचा चार्जिंग जॅक : ओळख, पारख आणि दुरुस्ती

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "चार्जिंग होत नाही." वाक्य एकच असले तरी त्यामागची कारणे पाच-सहा असू शकतात. चार्जर बिघडलेला असेल, केबल आतून तुटलेली असेल, जॅकमध्ये कचरा बसला असेल, जॅकच सैल झाला असेल, किंवा दोष आतल्या बोर्डात असेल. यांपैकी नेमके कारण कोणते, हे ओळखता येणे म्हणजेच या धंद्यातील निम्मे कौशल्य होय.

मागे आमच्या परिचयाचे भिवंडीतील एक यंत्रमाग कामगार आपला फोन घेऊन आमच्याकडे आले. "जॅक गेला, बदलावा लागेल," असे त्यांना एका दुकानात सांगण्यात आले होते, आणि सांगितलेली रक्कम त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीइतकी होती. आम्ही विजेरीच्या उजेडात जॅकमध्ये पाहिले, तर तळाशी कापसाचे तंतू दाबून दाबून बसलेले. लाकडी दातकोरणीने ते हलकेच काढले, पिन 'टक्' करून बसली आणि चार्जिंग सुरू झाले. त्या दुकानदाराने जाणूनबुजून फसवले असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्याने जॅकमध्ये डोकावून पाहिलेच नसावे. परंतु गिऱ्हाइकाच्या खिशाला दोन्हींचा परिणाम सारखाच.

म्हणून जे तरुण हे काम शिकत आहेत, तसेच जे दुकानदार केबल व चार्जर विकतात, त्यांच्यासाठी हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत. फोनच्या बाजूच्या तोंडाला आम्ही 'जॅक' आणि केबलच्या टोकाला 'पिन' म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.

जॅकचे प्रकार आणि बाजारातील नावे

जुन्या साध्या फोनना गोल पिन असे. नोकियाची आधी जाडी आणि नंतर बारीक पिन अनेकांना आठवत असेल. त्या काळी प्रत्येक कंपनीचा जॅक निराळा असल्याने एका घरात चार चार्जर लागत.

यूएसबी ही पद्धत १९९६ मध्ये संगणकासाठी आली. तिचे लहान रूप म्हणजे मिनी यूएसबी. आपल्या बाजारात त्याला 'व्ही ३' म्हणतात, कारण मोटोरोलाच्या व्ही ३ फोनला तो जॅक होता. २००७ मध्ये त्याहून चपटा मायक्रो यूएसबी जाहीर झाला. त्याच कंपनीच्या व्ही ८ फोनमुळे त्याला 'व्ही ८' हे नाव पडले आणि आजही घाऊक बाजारात केबल याच नावाने मागतात. २००९ मध्ये युरोपात मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो यूएसबी हा समान जॅक म्हणून स्वीकारण्याचा करार केला आणि तो जगभर पसरला. त्याचा दोष एकच. तो एकाच बाजूने बसतो. अंधारात उलटा घालून जोर केला की आतली जीभ मोडते.

ॲपल कंपनीने २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत लायटनिंग जॅक आणला. त्याच्या पिनेवर ८ पट्ट्या असतात, ती दोन्ही बाजूंनी बसते आणि केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असते. म्हणूनच स्वस्त नकली केबल लावल्यावर फोन कधी कधी ती स्वीकारत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी टाईप सी चे मानक प्रसिद्ध झाले. आपण त्याला 'सी टाईप' म्हणतो. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना सी टाईप बंधनकारक झाला. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. ॲपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ ला सी टाईप दिला. भारतातही भारतीय मानक ब्युरोने सी टाईपचे मानक प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले.

दुकानदाराने यातून घ्यायचा बोध असा की माल भरताना मुख्य भर सी टाईपवर ठेवावा, पण आयफोन १४ पर्यंतचे लायटनिंगवाले फोन अजून लोकांच्या हातात आहेत हेही विसरू नये. व्ही ८ चा साठा मात्र बेताचाच ठेवावा.

झीज कोणी सोसायची?

येथे एक महत्त्वाची गोष्ट समजून घेतली पाहिजे. जॅक आणि पिन यांपैकी एकात बारीक स्प्रिंगा असतात. तीच बाजू आधी झिजते. व्ही ८ आणि सी टाईप यांच्या रचनेत पकड धरणारा स्प्रिंगचा भाग मुद्दाम केबलच्या पिनेत ठेवला आहे. हेतू हा की झीज केबलने सोसावी, फोनने नव्हे. केबल स्वस्त असते, जॅक बदलणे महाग पडते. त्यामुळे पिन ढिली वाटू लागली तर पहिला संशय केबलवर घ्यावा आणि नवी केबल लावून पाहावी. लायटनिंगचे उलट आहे. त्यात स्प्रिंगा फोनच्या जॅकमध्ये असतात.

सी टाईपचा जॅक १०,००० वेळा पिन घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. दिवसातून तीनदा म्हटले तरी हा आकडा नऊ वर्षे पुरतो. मग जॅक दोन वर्षांतच का जातो? कारण हा आकडा स्वच्छ जॅकचा आणि सरळ घातलेल्या पिनेचा आहे. चार्जिंगला लावलेला फोन छातीवर ठेवून पाहणे, केबलला धरून फोन ओढणे, खिशातला कचरा आत दाबणे, हे त्या हिशेबात धरलेले नाही.

आकार सारखा, वीज वेगळी

सी टाईप आल्यापासून गिऱ्हाईक म्हणते, "सगळ्यांची पिन एकच आहे, मग माझा फोन याच चार्जरवर हळू का?" याचे उत्तर दुकानदाराला देता आले पाहिजे.

सी टाईपच्या पूर्ण जॅकमध्ये २४ पट्ट्या असतात. वीज आणणाऱ्या ४, परत नेणाऱ्या ४, साध्या डेटासाठी ४, वेगवान डेटासाठी ८, इतर कामासाठी २ आणि उरलेल्या २ म्हणजे 'सीसी'. या दोन सीसी पट्ट्याच चार्जिंगच्या खऱ्या मालक आहेत. पिन बसताच सीसीच्या मार्गाने चार्जर आणि फोन एकमेकांशी बोलतात. समोर खरोखर फोन आहे का, किती करंट द्यायचा, व्होल्टेज वाढवायचे का, हे येथे ठरते.

फोनच्या बाजूला प्रत्येक सीसीवर ५.१ किलोओहमचा रोध अपेक्षित असतो. तो दिसेपर्यंत सी टाईप चार्जर वीज सोडतच नाही. यातून दोन बोध मिळतात. एक, दोन्ही टोकांना सी टाईप असलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला आणि व्होल्टेज आले नाही, तर चार्जर मेला असे समजू नये. शिकाऊ मुले येथेच फसतात. दुसरे, काही स्वस्त ट्रिमर, विजेरी, इअरफोन यांत हा रोध बसवलेलाच नसतो. असे सामान जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरवर चालते, पण सी ते सी केबलवर चालत नाही. दोष चार्जरचा नसतो.

मोठ्या लोकांच्याही हातून ही चूक झाली आहे. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकात दोन्ही सीसींना मिळून एकच रोध दिला होता. परिणामी काही चांगल्या प्रतीच्या केबलवर तो सुरूच होईना. पुढे ती रचना सुधारण्यात आली.

आता व्होल्टेजकडे वळू. साधे चार्जिंग ५ व्होल्टवर होते. 'पीडी' ही सर्वसामान्य वेगवान पद्धत ९, १५, २० व्होल्टपर्यंत जाते आणि १०० वॅट देऊ शकते. २०२१ च्या सुधारणेनंतर ती मर्यादा २४० वॅट झाली. ३ अँपिअरपेक्षा जास्त करंट हवा असेल तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. याशिवाय काही कंपन्यांची स्वतःची वेगळी पद्धत असते. उदाहरणार्थ, ओप्पोची २०१४ मध्ये आलेली व्हूक पद्धत व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवते आणि तिला तशीच केबल व तसाच चार्जर लागतो. असा फोन दुसऱ्या चार्जरवर हळू चार्ज झाला तर तो बिघाड नव्हे. दोघांची भाषा जुळली नाही, एवढेच.

केबलचा हिशेब

केबल बाहेरून जाड दिसली म्हणून आतली तार जाड असते असे नाही. तारेला क्रमांक असतो आणि क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक. २८ क्रमांकाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून दुप्पट धरा, म्हणजे सुमारे ०.४२ ओहम. तिच्यातून २ अँपिअर करंट नेला तर वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट खर्च होतात. ५ पैकी फोनपर्यंत ४.१५ व्होल्ट पोहोचतात. फोनची बॅटरी भरत आली की तिचेच व्होल्टेज ४.२ च्या वर जाते. मग एवढ्यावर ती भरणार कशी? म्हणून फोन करंट कमी करतो आणि चार्जिंग रेंगाळते.

तीच केबल २४ क्रमांकाच्या तारेची असेल तर खर्च सुमारे ०.३४ व्होल्ट, आणि फोनला ४.६६ व्होल्ट मिळतात. चार्जर तोच, फोन तोच, फरक फक्त तांब्याचा. दोन मीटरची केबल घेतली की हा तोटा दुप्पट होतो, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

वाईट केबल केवळ हळू असते असे नाही, ती घातकही ठरते. गुगलचे अभियंते बेन्सन ल्युंग बाजारातील सी टाईप केबल तपासून पाहत असत. २०१६ मध्ये अशाच एका केबलमध्ये वीज आणणारी व परत नेणारी तार उलटी जोडलेली निघाली आणि त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. केबलच्या दोन-चार रुपयांच्या फायद्यासाठी गिऱ्हाइकाचा हजारोंचा फोन धोक्यात घालणे हा धंदा नव्हे.

तपासणीचा क्रम

फोन खोलण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

१) आपल्या खात्रीच्या केबल व चार्जरवर फोन लावावा. चालला तर फोन निर्दोष आहे, तसे गिऱ्हाइकाला सांगावे.

२) विजेरीने जॅकमध्ये पाहावे. पिन पूर्ण बसत नसेल, तिचा थोडा धातू बाहेर दिसत असेल, तर आत कचरा आहे असे समजावे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावी तर ही शंका पहिली घ्यावी.

३) फोन बंद करून लाकडी दातकोरणीने किंवा मऊ ब्रशने कचरा काढावा. सुई किंवा टाचणी वापरू नये. तिने पट्ट्या एकमेकींना चिकटतात व मधली जीभ खरचटते.

४) हिरवट किंवा काळपट थर दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत व घामाच्या खिशात हा दोष आढळतो. ओल्या जॅकला चार्जर लावू नये. फोन तांदळात पुरू नये, कणी व भुकटी आत शिरते.

५) पिन एकदा सुलटी व एकदा उलटी घालून पाहावी. एका बाजूने चार्जिंग होते आणि दुसऱ्या बाजूने नाही, असे असेल तर एका सीसी पट्टीचा संपर्क तुटला आहे. येथे जॅकवर संशय घेण्यास जागा आहे.

६) मध्ये यूएसबी मीटर लावून व्होल्टेज व करंट पाहावा. दुकानात हे छोटे यंत्र असलेच पाहिजे. व्होल्टेज आहे पण करंट शून्य, आणि जॅक स्वच्छ व घट्ट, तर दोष आत, म्हणजे पट्टी, बॅटरी किंवा मुख्य बोर्डात शोधावा.

जॅक बदलताना

बऱ्याच फोनमध्ये जॅक वेगळ्या लहान बोर्डावर असतो. तेथे पूर्ण बोर्ड बदलता येतो, सोल्डरिंग लागत नाही. मात्र हलक्या नकली बोर्डाने वेगवान चार्जिंग बंद पडू शकते. बहुधा माईकही त्याच बोर्डावर असतो, म्हणून काम झाल्यावर चार्जिंगबरोबर एक फोन लावून आवाजही तपासावा.

सुटा जॅक घेताना केवळ तोंड पाहू नये. सी टाईपमध्ये ६, १६ व २४ पट्ट्यांचे जॅक मिळतात आणि पायांची रचना निराळी असते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी, आजूबाजूच्या भागांवर उष्णतारोधक टेप लावावी आणि हवा गरजेपुरतीच तापवावी, कारण जॅकची जीभ प्लॅस्टिकची असते. फोन पाणीरोधक असेल तर खोलल्यानंतर ती हमी राहत नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

शेवटी धंद्याविषयी एक शब्द. कचरा काढून दिल्याबद्दल मेहनतीचे जे रास्त पैसे होतील ते जरूर घ्यावेत, पण त्याला जॅक बदलला असे म्हणू नये. जॅक बदललाच तर जुना जॅक गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. भिवंडीचे ते गृहस्थ आज आपल्या गल्लीतील फोन कोणत्या दुकानात पाठवत असतील आणि कोणत्या नाही, हे आम्ही सांगायला हवे काय?