लांडग्याच्या पोटातला जंत आणि आपल्या दारचे कुत्रे



ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात मेंढ्या बसवायची आपली जुनी रीत. अशाच एका वाड्यावर आम्ही गेलो तेव्हा मेंढरू कापलेले होते. त्याच्या काळजावर पाण्याने भरलेल्या पांढऱ्या पिशव्या दिसल्या. एक सभासद म्हणाले, "साहेब, हा लांडग्याचा रोग. लांडगा मारला की रोग गेला." हे कितपत खरे, ते पाहू.

यातले निम्मे खरे आहे. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आईल रॉयल नावाचे बेट आहे. तेथील लांडगे व मूस (सांबराच्या कुळातले घोड्याएवढे जनावर) यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. लांडग्याच्या आतड्यात अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा पट्टकृमी असतो. असे हजारो जंत असले तरी लांडग्याला फारसा त्रास होत नाही. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, चरताना मूसच्या पोटात जातात. तिथे अळी निघून रक्तावाटे फुप्फुसात शिरते व तिची पाण्याची पिशवी होते. वय वाढेल तशा पिशव्या वाढतात. असे जनावर पळताना लवकर धापा टाकत असावे व लांडग्याला आयते सापडत असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. लांडग्याने ते फुप्फुस खाल्ले की जंत पुन्हा त्याच्या पोटात. असे हे रहाटगाडगे आहे.

आपल्याकडच्या मेंढरात आढळतो तो याच जंताचा भाऊबंद. पण इथे गाडगे फिरवतो तो मुख्यतः कुत्रा. माळावर लांडगे थोडे, वाडी-वस्तीवर कुत्री उदंड! मेंढरू कापले की पिशव्यांचे काळीज-फुप्फुस आपणच कुत्र्यापुढे टाकतो. तेच कुत्रे अंगणात पोरांशी खेळते. त्याच्या केसांना लागलेली अंडी हातावाटे पोटात गेली, तर माणसाच्याही यकृतात किंवा फुप्फुसात पिशवी होते. ती वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेची पाळी येते. रोग मटणातून होत नाही, अंड्यांतून होतो, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा एवढे करावे :

१) पिशव्या असलेले काळीज, फुप्फुस कुत्र्याला कच्चे घालू नये. जाळावे, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरावे.

२) कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने पट्टकृमीचे औषध ठराविक मुदतीने द्यावे. साधे जंताचे औषध यावर चालेलच असे नाही.

३) कुत्र्याला हात लावल्यावर व जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत. कच्ची भाजी धुऊनच खावी.

लांडगा मारून हा रोग जायचा नाही. शिवाय १९७२ च्या कायद्याने लांडग्याची शिकार हा गुन्हा आहे. लांडग्याच्या तोंडचा घास आपल्या हातात नाही. आपल्या कुत्र्याच्या तोंडचा मात्र आहे. साखळी तिथेच तोडावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी