खारें पाणी आणि कोळंबी

आमच्या भांडुपच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व मिठागरांची जमीन आहे. खारें पाणी तें सर्वत्र सारखेंच, असा आमचा समज होता; तो चुकीचा ठरला.

वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ सालीं स्थापन झाली. तिचें एक केंद्र समुद्रापासून शेंकडों मैल दूर, हरियाणांत रोहतकजवळ लाहली येथें आहे. समुद्र नाहीं तेथें कोळंबीचें काय काम? त्या भागांत भूगर्भांतील पाणीच खारें. तें वर चढून शेतांत क्षार सांचले आणि कित्येकांची गव्हाची जमीन वाया गेली. त्या पाण्यांत कोळंबी सोडावी, तर ती मरे. पृथक्करणांत दिसून आलें कीं, पाणी खारट असूनहि त्यांत पोटॅशियम फारच थोडें आहे. मग शेतकऱ्याच्या परिचयाचें पोटॅश खतच तळ्यांत घालून ही उणीव भरून काढण्यांत आली, व कोळंबी जगली.

परंतु ही युक्ति कागदावरच राहती, तर त्या शेतकऱ्यास तिचा काय उपयोग? केंद्रानें स्वतःच्या तळ्यांत कोळंबी वाढवून दाखविली, शेतकऱ्यांस बोलावून रीत शिकविली. तेव्हां कोठें पडीक जमिनींत तळीं खणण्यास ते धजले. (अशा तळ्याचा खर्च थोडा नसतो.) आमच्या खाडींत मात्र हें पोटॅशियम भरतीबरोबर समुद्रच आणून सोडतो.